एक अननस म्हणजे शंभर-दीडशे फळं

फळवाला अननस सोलतो तेव्हा त्याच्या सुरीकडे लक्ष द्या. शेंडा उडवून तो साल वरवरच काढतो आणि गरात रुतून राहिलेले तपकिरी डोळे एकेक करून न कोरता तिरक्या खाचा पाडत जातो. एक खाच वरून निघते ती फळाला वळसा घालत खाली उतरते, मग तिच्या शेजारून दुसरी. बघणाऱ्याला ती नक्षी वाटते, पण त्यात हिशोब आहे. डोळे मुळातच अशा तिरक्या ओळींत बसलेले असतात आणि त्या ओळींवरूनच सुरी फिरवली की गर सगळ्यात कमी वाया जातो. डोळे ओळीत का बसतात हे एकदा समजलं की अननसाबद्दलच्या निम्म्याअधिक प्रश्नांची उत्तरं हाती लागतात. मधला दांडा चिवट का, डोक्यावर पानं कशी, आत बिया का नाहीत, बुडाचा भाग जास्त गोड का, या सगळ्यांचं मूळ एकाच गोष्टीत आहे. अननस हे एक फळ नाही. तो अख्खा फुलोरा आहे.

अननसाच्या झाडाच्या मधोमध, पोंग्यातून, एक जाड दांडा वर येतो. त्याच्या टोकाशी शंभर ते दोनशे फुलं दाटीवाटीने लागतात. निळसर जांभळी, तीन पाकळ्यांची, लहानशी. ती एकदम उमलत नाहीत. तळाची आधी, मग त्यांच्या वरची, असं करत रोज थोडी थोडी फुलतात. एकेक फूल दिवसभराचंच सोबती असतं, पण अख्खा फुलोरा उमलून व्हायला तीन-चार आठवडे जातात. फूल सुकलं की त्याच्या तळाचा भाग फुगायला लागतो, म्हणजे त्या फुलाचं फळ धरतं. त्यासोबत फुलाखालचा खवलाही मांसल होतो, दांडाही जाड होतो आणि शेजारची फळं एकमेकांना चिकटून एकजीव होतात. आपण ज्याला एक अननस म्हणतो ती अशी शंभर-दीडशे फळांची एकत्र वस्ती असते. मधला चिवट गाभा, जो आपण कापून टाकतो, तो त्या फुलोऱ्याचा दांडा.

दारात फणस असलेल्या माणसाला हे लगेच पटेल, कारण फणसही असाच बनतो. तिथे प्रत्येक गरा एकेका फुलातून तयार झालेला असतो. वनस्पतिशास्त्र या दोघांना एकाच प्रकारात, संयुक्त फळांत, घालतं. फरक एवढाच की फणसाचे गरे सुटे निघतात आणि अननसाचे इतके मिसळलेले असतात की वेगळे दिसतच नाहीत. अननसाचं काटेरी अंगही फणसाची आठवण करून देतं. लोकांनी हे फार लवकर ओळखलं होतं, त्याकडे पुढे येऊ.

एक डोळा जवळून बघण्यासारखा असतो. न सोललेल्या अननसावर प्रत्येक डोळा साधारण षटकोनी दिसतो. त्याच्या मधोमध वर वळलेलं, कागदासारखं कोरडं टोक असतं. ते फुलाखालच्या खवल्याचं टोक. नखाने ते उचललं तर खाली एक बंद कप्पा लागतो. तो सुरीने उभा चिरला तर आत सुकून तपकिरी झालेले फुलाचे अवशेष सापडतात. तेच ते खोल डाग, जे सोलल्यावरही गरात राहतात. चकतीच्या कडेजवळ बारीक पोकळ्याही दिसतात. बी धरलं असतं तर ते तिथे असतं. क्वचित एखाद्या अननसात कडक, तपकिरी, तिळाएवढ्या बिया खरंच सापडतात.

डोळ्यांच्या ओळी मोजायच्या असतील तर हाताशी एक पेन घ्या आणि एका ओळीवर खुणा करत जा. एका दिशेने जाणाऱ्या तिरक्या ओळी बहुतेक अननसांत 8 भरतात, उलट्या दिशेने जाणाऱ्या 13, आणि जवळजवळ उभ्या चढणाऱ्या 21. हे तिन्ही आकडे एका प्रसिद्ध मालिकेतले आहेत: 1, 1, 2, 3, 5, 8, 13, 21... मागचे दोन मिळवले की पुढचा. दांड्याच्या टोकावर प्रत्येक नवं फूल आधीच्या फुलापासून सुमारे 137 अंश वळून येतं आणि या वळणामुळे ओळींची संख्या आपोआप या आकड्यांवर येऊन बसते. जगभर ही मालिका फिबोनाची या इटालियन गणितज्ञाच्या नावाने ओळखली जाते. त्याच्या आधी आपल्याकडे विरहांक, गोपाल आणि हेमचंद्र या छंदशास्त्रींनी, लघु-गुरूंच्या किती रचना होऊ शकतात हे मोजताना, हेच आकडे मांडले होते. कवितेचं माप आणि अननसाची साल एकाच आकड्यांवर यावी याचं मला दर वेळी नव्याने आश्चर्य वाटतं.

डोक्यावरचं झाड

बहुतेक झाडांत फुलोरा आला की त्या फांदीचं टोक तिथे संपतं. अननसात नाही. फुलं लावून झाली की दांड्याचं टोक पुन्हा पानं काढायला लागतं आणि ती पानं म्हणजे फळावरचा शेंडा. त्यामुळे अननस हे फांदीच्या टोकाला लागलेलं फळ नसून वाढत्या फांदीच्या मधल्या टप्प्यावर आलेलं फळ आहे. वरचा शेंडा जिवंत आहे, वाढायला तयार आहे आणि मातीत लावला तर त्याचं पूर्ण झाड होतं.

शेंड्याखेरीज अननसाकडे आणखी दोन वाटा आहेत. फळाखालच्या देठावर लहान पिल्लं येतात आणि बुंध्यातून फुटवे निघतात. शेतकरी बहुतेक याच दोन्हींवर लागवड करतात, कारण शेंड्यापासून फळ यायला जास्त वेळ लागतो. चांगल्या फुटव्यापासून दीड वर्षाच्या आसपास फळ मिळतं, शेंड्याला दोन वर्षं धरावी लागतात. फळ काढल्यावर मूळ झाड उतरणीला लागतं, पण बुंध्याचा फुटवा तिथेच वाढवून उसासारखा खोडवाही घेता येतो.

मग बिया का नसतात? अननसाचं फूल स्वतःच्या जातीचा पराग स्वीकारत नाही. आणि शेतातली सगळी झाडं फुटव्यांपासून केलेली असल्यामुळे ती एकाच झाडाच्या नकला असतात, म्हणून शेजारच्या झाडाचा परागही त्यांना स्वतःचाच वाटतो. फळ मात्र परागाविनाच भरतं. दुसऱ्या जातीचा पराग येऊन पोहोचला तर बिया धरतात. मूळ प्रदेशात हे काम हमिंगबर्ड करतात. हवाई बेटांवर हे पक्षी आणायला बंदी आहे आणि त्यामागे तिथल्या अननसाच्या शेतीत बिया होऊ नयेत हे एक कारण आहे.

नावाचा प्रवास

बीविना वाढणारं, तोडलेल्या शेंड्यातून पुन्हा उभं राहणारं झाड बोटीवरून नेता येतं. अननसाचा इतिहास याच गुणावर उभा आहे.

तो मूळचा दक्षिण अमेरिकेचा. युरोपीय तिथे पोहोचण्याच्या कितीतरी आधी तिथल्या लोकांनी रानटी, बियाळ अननसातून गोड जाती निवडून काढल्या होत्या आणि बेटांपर्यंत नेल्या होत्या. नोव्हेंबर 1493 मध्ये, दुसऱ्या सफरीत, कोलंबसाच्या माणसांना कॅरिबियन समुद्रातल्या ग्वादलूप बेटावर अननस भेटला. स्पॅनिश लोकांना त्याचा आकार पाइनच्या बोंडासारखा वाटला, म्हणून त्यांनी त्याला ‘पिन्या’ म्हटलं. इंग्रजांनीही तेच केलं. ‘पाइनॅपल’ हा शब्द इंग्रजीत आधीपासून होता आणि त्याचा अर्थ पाइनचं बोंड असा होता. फळ आलं, त्याने तो शब्द घेतला आणि बोंडाला नवा शब्द शोधावा लागला.

पोर्तुगीजांनी मात्र ब्राझीलच्या किनाऱ्यावरच्या तुपी लोकांचा शब्द उचलला. तुपी भाषेत या फळाला ‘नना’, ‘ननस’ अशा उच्चाराचं नाव होतं. त्याचं पोर्तुगीजांनी ‘अनानास’ केलं आणि ज्या बंदरात फळ उतरलं तिथे शब्दही उतरला. मराठीत अननस, गोव्याच्या कोंकणीत अनस, हिंदीत अनानास, बंगालीत आनारस, तमिळमध्ये अन्नासी, मलय भाषेत ननस. फ्रेंच, जर्मन, रशियन, फारसी, अरबी, तुर्की, सगळीकडे थोड्याफार फरकाने हेच. शास्त्रीय नावही तेच, अननस कोमोसस. ‘कोमोसस’ म्हणजे लॅटिनमध्ये केसाळ, शेंड्याच्या झुलपांमुळे. हा तुपी शब्द आपल्याकडे एकटा आलेला नाही. काजूसुद्धा त्याच भाषेतून, त्याच बोटींवरून आला. ज्या लोकांनी ही नावं ठेवली त्यांच्या वस्त्या पोर्तुगीजांनी पुढच्या दोन शतकांत उद्ध्वस्त केल्या. त्यांच्या भाषेतले दोन शब्द कोकणातल्या प्रत्येक घरात रोज बोलले जातात, ही गोष्ट आपल्याला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं.

गोव्यात अननस किती झटपट रुजला याची साक्ष आहे. यान ह्यूगेन व्हान लिन्सखोटेन हा डच माणूस 1583 पासून काही वर्षं गोव्यात आर्चबिशपच्या पदरी होता. 1596 मध्ये छापलेल्या प्रवासवर्णनात त्याने लिहिलं आहे की हे फळ मुळात हिंदुस्थानचं नाही, पोर्तुगीजांनी ते ब्राझीलहून आणलं. सुरुवातीला नवलाई म्हणून एक नग पारदाव (तेव्हाचं गोव्यातलं नाणं) देऊन घ्यावा लागे, आता इतकं पिकतं की अगदी स्वस्त मिळतं. युरोपात याच फळाचं काय झालं ते बघा. तिथल्या थंडीत झाड जगेना, बोटीवर फळ सडे. म्हणून श्रीमंतांनी काचेची उबदार घरं बांधली, रात्रंदिवस भट्ट्या पेटवल्या आणि एकेका फळावर अमाप पैसा ओतला. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये मेजवानीच्या टेबलावर नुसता मिरवायला अननस भाड्याने मिळे. स्कॉटलंडमध्ये डनमोर इथे तर एका सरदाराच्या बागेतल्या इमारतीवर दगडात कोरलेला, कित्येक मीटर उंच अननस आजही उभा आहे. गोव्यात मात्र तेच फळ तोवर कधीच बाजारातलं झालं होतं.

मुघल दरबारातही त्याची नोंद आहे. जहांगीर आपल्या आठवणींत लिहितो की हे फळ फिरंग्यांच्या बंदरांत पिकतं, त्याचा सुगंध फार आणि आग्र्याच्या गुलअफशान बागेत दर वर्षी काही हजार नग निघतात. त्याच्या आधी अबुल फझलने ‘आईन-इ-अकबरी’त अननसाचं दुसरं नाव दिलं आहे: कठल-इ-सफरी, म्हणजे प्रवासी फणस. रोप कुंडीत ठेवून प्रवासात बरोबर नेता येतं आणि तिथेच त्याला फळ धरतं, म्हणून हे नाव असं तो सांगतो. मल्याळममध्ये आजही अननसाला ‘कैदच्चक्का’ म्हणतात. ‘कैद’ म्हणजे केवडा, ‘चक्का’ म्हणजे फणस. पानं केवड्याची, फळ फणसाचं. फारसी लिहिणारा दरबारी आणि मलबारचा शेतकरी यांनी एकमेकांना न विचारता, सूक्ष्मदर्शकाविना, जे साम्य नेमकं हेरलं तेच पुढे वनस्पतिशास्त्राने सिद्ध केलं.

रात्री श्वास घेणारी पानं

अननसाची पानं जाड, ताठ, काठाला काटेरी (काही जातींत काटे नुसते टोकाशी). त्यांची मांडणी अशी की पडलेला पाऊस आणि दव पन्हळीतून यावं तसं बुंध्याकडे उतरतं आणि पानांच्या बेचक्यांत साठतं. तिथून झाड ते पाणी थेट शोषून घेतं. अननसाचे कुळबंधू, म्हणजे ब्रोमेलिया कुळातली बरीच झाडं, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात मोठ्या वृक्षांच्या फांद्यांवर मातीविना वाढतात. ही सवय त्या घराण्याची.

पण खरी करामत पानांच्या आत आहे. हिरव्या झाडाला अन्न बनवायला हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो आणि तो घेण्यासाठी पानांवरची सूक्ष्म छिद्रं, पर्णरंध्रं, उघडावी लागतात. छिद्रं उघडली की आतलं पाणी वाफ होऊन बाहेर जातं. आंबा, भात, गहू, सगळे भर उन्हात हा तोटा सोसतात, कारण प्रकाश दिवसाच असतो. अननसाने काम दोन पाळ्यांत वाटून घेतलं आहे. तो छिद्रं उघडतो रात्री, हवा थंड असताना. तेव्हा घेतलेला कार्बन डायऑक्साइड मॅलिक आम्लाच्या रूपात पानांत साठवून ठेवतो. हेच आम्ल सफरचंदाला आंबटपणा देतं. सकाळी छिद्रं बंद होतात आणि दिवसभर बंद दाराआड ते आम्ल फोडून, त्यातला वायू वापरून, सूर्यप्रकाशावर साखर बनते. म्हणून अननसाचं पान पहाटे चघळलं तर आंबट लागतं आणि संध्याकाळी तो आंबटपणा उतरलेला असतो. निवडुंग आणि कोरफड हेच करतात. एवढीच साखर बनवायला इतर पिकांना जेवढं पाणी लागतं त्याच्या कितीतरी कमी पाण्यात अननसाचं भागतं.

याचा अर्थ तो वाळवंटाचं पीक आहे असा नाही. त्याला ऊब लागते, निचऱ्याची आम्लधर्मी जमीन लागते, आणि मुळांत पाणी साचलं तर तो कुजतो. केरळात एर्नाकुलम जिल्ह्यातलं वाळक्कुळम हे गाव अननसाची पेठ म्हणून ओळखलं जातं आणि तिथल्या अननसाला 2009 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या भागात रबराची जुनी झाडं तोडून नवी लावली की पहिली तीन-चार वर्षं, रबराची सावली दाट होईपर्यंत, मधल्या पट्ट्यांत अननस घेतात. हीच पद्धत केरळी शेतकऱ्यांनी सिंधुदुर्गात, दोडामार्ग-सावंतवाडीच्या डोंगरउतारांवर आणली. नारळ-सुपारीच्या बागेत आंतरपीक म्हणूनही अननस कोकणात घेता येतो, कारण त्याला थोडी सावली चालते.

जाती अनेक, पण ग्राहकाने दोन गट ओळखले तरी पुरे. क्वीन गटातला अननस लहान, पिवळाधमक, खोल डोळ्यांचा आणि सुवासिक. केरळचा मॉरिशस आणि त्रिपुराचा क्वीन याच गटातले, आणि त्रिपुराने 2018 मध्ये क्वीनला राज्यफळ केलं. दुसरा क्यू, आकाराने मोठा, उथळ डोळ्यांचा, फिकट आणि रसाळ. डबाबंद चकत्यांसाठी हा सोयीचा, कारण सोलताना कमी वाया जातो.

धुराने येणारी फुलं

शेतकऱ्याची मोठी अडचण अशी की अननसाची झाडं आपापल्या मर्जीने फुलतात. एक आज, दुसरं दोन महिन्यांनी. हेक्टरी 40 हजारांच्या घरात झाडं असताना अशी तोडणी परवडत नाही. यावरचा उपाय एकोणिसाव्या शतकात पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवर सापडला. तिथल्या साओ मिगेल बेटावर काचेच्या घरांत अननस घेत. आत धूर कोंडला गेला तेव्हा झाडं मरतील असं वाटलं, पण ती सगळी एकदम फुलली. धुरातला इथिलीन हा वायू त्यामागे होता हे पुढे विसाव्या शतकात कळलं.

आता शेतात धुराऐवजी इथेफॉन वापरतात. हे पाण्यात विरघळणारं औषध झाडात गेल्यावर इथिलीन सोडतं. झाडाला 35-40 पानं झाली की अगदी सौम्य द्रावण थोडं युरिया मिसळून पोंग्यात ओततात, झाडामागे साधारण 50 मिली, आणि दीडेक महिन्यात शेत एकसाथ फुलोऱ्यावर येतं. तिथून पाचेक महिन्यांत फळ.

हा तोच इथिलीन, जो आंबा आणि केळं पिकवतो. अननसाला मात्र तो फुलवतो, आणि तोडलेलं फळ गोड करण्याच्या कामी अजिबात येत नाही. याचं कारण समजून घेण्यासारखं आहे, कारण बाजारात त्याचा थेट उपयोग होतो. कच्च्या आंब्यात पिठूळ पदार्थ, म्हणजे स्टार्च, साठवलेला असतो. आढी घातली की त्याची साखर होते. अननसाच्या फळात असा साठा नसतो. त्याची सगळी साखर पानांत बनून देठातून फळात येत असते. देठ कापला की पुरवठा बंद. घरी चार दिवस ठेवला तर साल पिवळी होईल, वास थोडा खुलेल, फळ मऊ पडेल, पण गोडी जेवढी तोडताना होती तेवढीच राहील. तेव्हा हिरवागार अननस ‘पिकेल घरी’ म्हणून घेऊ नका. बुडाशी नाक नेऊन वास घ्या. गोड वास असेल तर घ्या, वास नसेल तर ठेवून द्या, आणि आंबूस, दारूसारखा वास येत असेल तर तो उतरला आहे. त्याच आकाराच्या दोन फळांत हाताला जड लागेल तो घ्या.

आणि बुडाचा भाग जास्त गोड का? फुलं खालून वर उमलली होती. तळाची फळं वरच्यांपेक्षा तीन-चार आठवड्यांनी थोरली असतात, त्यांना साखर साठवायला तेवढा वेळ जास्त मिळालेला असतो. म्हणून आडव्या चकत्या केल्या की कुणाच्या वाट्याला गोड आणि कुणाच्या वाट्याला आंबट येतं. सगळ्यांना सारखं द्यायचं तर उभे काप करा.

जीभ का चुरचुरते

अननसात ब्रोमेलेन नावाची विकरं असतात, म्हणजेच एन्झाइम. त्यांचं काम प्रथिनांचे तुकडे करणं. ओलाफ ब्रोमेलियस या स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञाच्या नावावरून कुळाला ब्रोमेलिया नाव मिळालं आणि त्यावरून या विकरांना. जीभ आणि गालांची आतली त्वचा प्रथिनांची असते, अननस खाताना तिच्या वरच्या थरावर ब्रोमेलेन काम करतं. त्यात अननसातली कॅल्शियम ऑक्झलेटची सुईसारखी सूक्ष्म टोकं आणि आंबटपणा यांची भर पडते, म्हणून चुरचुरतं. तोंडातली त्वचा लवकर भरून येते आणि पोटातल्या आम्लात ब्रोमेलेनचा जोर उतरतो, त्यामुळे घाबरण्यासारखं काही नाही. कच्च्या फळात आणि मधल्या दांड्यात ते जास्त असतं, म्हणून तो भाग अधिक बोचतो.

स्वयंपाकघरात याच ब्रोमेलेनमुळे गोंधळ होतात. न शिजवलेला अननस दुधात, दह्यात किंवा श्रीखंडात घालून ठेवला की थोड्या वेळाने कडवटपणा येतो, कारण दुधातलं प्रथिन तुटून कडू तुकडे सुटतात. जिलेटिनमध्ये घातला तर जेली धरतच नाही, जिलेटिनही प्रथिनच. चायना ग्रास वापरला तर मात्र ती व्यवस्थित धरते, कारण चायना ग्रास शैवालापासून केलेला कर्बोदकांचा पदार्थ आहे, त्यात प्रथिन नाही. उपाय सोपा: अननस आधी साखरेबरोबर चांगला शिजवून घ्या आणि गार करून मग घाला. उकळीच्या जवळ नेलं की ब्रोमेलेन निकामी होतं. अननसाच्या शिऱ्यात फोडी पाकात शिजलेल्या असतात आणि डबाबंद अननसही उष्णता दिलेला असतो, म्हणून तिथे दूध-सायीचं काही बिघडत नाही. गोव्यातल्या सासवात, जिथे ओलं खोबरं आणि मोहरी वाटून अननसाच्या फोडींना लावतात, तिथे दूधदही नाही, त्यामुळे फोडी न शिजवलेल्या असल्या तरी चव टिकते.

गरोदर बाईने अननस खाऊ नये हे घराघरांत सांगितलं जातं. पिकलेला अननस नेहमीच्या प्रमाणात खाल्ल्याने गर्भपात होतो याला पुरावा नाही. आंबटपणाने जळजळ होऊ शकते, ती वेगळी गोष्ट. ब्रोमेलेनच्या गोळ्या मात्र फळ खाण्यासारख्या नाहीत. त्या दांड्यापासून काढलेल्या, कितीतरी तीव्र असतात. गरोदरपणात किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असताना त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. भाजलेल्या जखमेवरची मेलेली त्वचा शस्त्रक्रियेविना काढण्यासाठी ब्रोमेलेनपासून केलेलं औषध युरोपात 2012 पासून आणि अमेरिकेत 2022 पासून मान्य आहे. म्हणजे जिभेवर जे नकोसं वाटतं तेच काम तिथे मुद्दाम करून घेतात.

शेंडा टाकू नका

पुढचा अननस आणाल तेव्हा शेंडा सुरीने न कापता हाताने पिळून काढा. तो देठासकट सुटून येतो. खालची पंधरा-वीस लहान पानं ओरबाडून काढली की उघड्या खोडावर तपकिरी, मोहरीएवढे उंचवटे दिसतील. ती मुळं आहेत, पाण्याची वाट बघत थांबलेली. चिकटून राहिलेला गर पूर्ण काढून टाका, नाहीतर बुरशी धरेल. शेंडा दोन-तीन दिवस सावलीत सुकवा आणि मग निचऱ्याच्या मातीत, पानांच्या बुडापर्यंत, उभा लावा. पाणी बेताचं, आणि थोडं वरून पानांच्या बेचक्यांत. महिन्या-दीड महिन्यात हलकेच ओढून बघितलं तर झाड माती सोडणार नाही. पहिलं वर्ष ते नुसती पानं वाढवतं.

दीडेक वर्षाने पानं हातभर लांब आणि तीस-पस्तीस झाली, तरी फुलायची चिन्हं नसतील, तर झाडाच्या बुडाशी एक पिकलेलं सफरचंद कापून ठेवा आणि कुंडीसकट झाडावर प्लॅस्टिकची मोठी पिशवी चार-पाच दिवस सैल बांधा. सफरचंदातून सुटणारा इथिलीन आत कोंडतो. उन्हात ठेवू नका, आत भाजेल. दोनेक महिन्यांत पोंग्याच्या मध्यात तांबूस रंग दिसायला लागेल, मग जांभळी फुलं. कुंडीतलं फळ बाजारातल्यापेक्षा लहान येतं. ते काढल्यावर बुंध्याचे फुटवे बघा, त्यातला सगळ्यात जाड तिथेच ठेवा आणि बाकीचे वीतभर झाले की सोडवून वेगळ्या कुंड्यांत लावा.